मरते मे महिन्यात, बसते जानेवारीत

कामतघरात थंडीनं बॅटरी बसत नाही. थंडीत बसते, हे खरं. पण या दोन गोष्टी एक नाहीत, आणि त्या एक मानल्यामुळे इथल्या गाडीवाल्यांचे पैसे आणि सकाळ दोन्ही वाया जातात. वऱ्हाळादेवी तलावाच्या आसपासची भिवंडीतली ही वस्ती कोकणपट्टीत मोडते. खाडी जवळ, समुद्रही फार लांब नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा पंधरा-सोळा अंशांच्या आसपास आला की कानटोप्या बाहेर निघतात आणि अंजूर फाट्यावर चहाच्या टपरीभोवती गर्दी वाढते. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत नोंदलं गेलेलं आजवरचं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चं. भिवंडी थोडी आत असल्यामुळे इथली पहाट मुंबईपेक्षा दोन-चार अंशांनी गार असते, एवढंच. उलट बाजूला, गाडीच्या बॅटरीची थंडीतली ताकद जगभर ज्या कसोटीनं मोजतात ती कसोटी उणे १८ अंशांवर घेतली जाते. कारखान्यात उणे १८ च्या कसोटीला उतरलेली वस्तू अधिक १६ ला बंद पडत असेल, तर तिला आधी दुसऱ्या कशानं तरी खाल्लेलं असणार. ते दुसरं काही म्हणजे उन्हाळा.

थंडीवरचा आरोप मुळात खोटा नाही, तो दुसऱ्या मुलखातला आहे. शिसे-आम्लाची बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये बनवली, आणि तिचं मूळ रसायन आजही तेच आहे: एका बाजूला शिशाची प्लेट, दुसऱ्या बाजूला शिशाच्या डायऑक्साइडची, मध्ये पाणी मिसळलेलं गंधकाम्ल. वीज काढली की दोन्ही प्लेटांवर शिशाचं सल्फेट चढतं आणि आम्ल पातळ होतं. वीज भरली की ते सल्फेट सुटून पुन्हा आम्लात जातं. ही देवाणघेवाण गारव्यात मंदावते. शून्य अंशाला बॅटरी आपल्या ताकदीच्या साधारण चार पंचमांशावर येते आणि उणे १८ ला निम्म्यावर किंवा त्याहून खाली. त्याच वेळी इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, त्यामुळे इंजिन फिरवायला लागणारा जोर जवळजवळ दुप्पट होतो. देणं घटतं, मागणं वाढतं. कॅनडातल्या विनिपेगसारख्या शहरात गाडी लावायच्या जागी विजेचं सॉकेट असतं, रात्रभर इंजिन कोमट ठेवायला. तिकडे राहणाऱ्या मराठी घरांत 'थंडीनं बॅटरी गेली' हे वाक्य अक्षरशः खरं असतं. मात्र कामतघरचा हिशोब मांडून पाहावा. भारतात बॅटरीची क्षमता २७ अंशांना मोजतात. त्यावरून सोळा अंशांवर आलं तर दर अंशामागे एक टक्का धरूनही दहा-अकरा टक्क्यांचीच घट येते. धडधाकट बॅटरीला ही घट जाणवतही नाही. जिच्याकडे शिल्लकच दहा टक्क्यांची उरली आहे तिला मात्र ती पुरते.

ही शिल्लक कुठे गेली, हा खरा प्रश्न. रासायनिक क्रियांचा एक ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की वेग सुमारे दुप्पट होतो, आणि बॅटरीच्या बाबतीत तो आयुष्य सुमारे निम्मं होण्याच्या रूपात दिसतो. भिवंडीत एप्रिल-मेमध्ये दुपार चाळिशीकडे जाते, ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा तापते, आणि ही झाली सावलीतली हवा. बॉनेटखाली, गरम इंजिनाच्या शेजारी, वाहतुकीत अडकून पंखा चालू असताना बॅटरीचं अंग पन्नाशीच्या पुढे सहज जातं. त्या उष्णतेत तीन-चार गोष्टी एकदम घडतात. धन प्लेटची शिशाची जाळी आतून गंजत जाते. गंजलेलं शिसं जास्त जागा घेतं, जाळी फुगते आणि तिच्यात भरलेला माल सैल होतो. पाणी उडतं, प्लेटांची वरची कड उघडी पडते आणि उघडा पडलेला भाग कायमचा कामातून जातो. गाडी उभी असताना बॅटरी आपली आपणच उतरते, तोही वेग उष्णतेनं वाढतो. उतरलेल्या अवस्थेत राहिलेलं सल्फेट मऊ राहत नाही. त्याचे मोठे, कठीण स्फटिक होतात आणि नंतर कितीही चार्जिंगला लावलं तरी ते पूर्ण विरघळत नाहीत. गंमत अशी की हे सगळं चालू असताना गाडी पहिल्या सेल्फला लागते. गरम आम्लात क्रिया झपाट्यानं होते, पातळ झालेलं ऑइल इंजिनाला अडवत नाही, म्हणून निम्मी संपलेली बॅटरीही मे महिन्यात रुबाबात काम करते. उष्णता नुकसान करते आणि तीच ते झाकते. खून उन्हाळ्यात होतो, थंडी फक्त पंचनामा करायला येते. आणि पंचनामा करणाऱ्यालाच आपण आरोपी ठरवतो.

याचा सर्वांत बोलका पुरावा बॅटरी बनवणाऱ्यांनीच आम्लात घालून ठेवलेला आहे. थंड देशांत पूर्ण भरलेल्या बॅटरीतल्या आम्लाची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.२६५ ते १.२८० च्या दरम्यान ठेवतात. आम्ल तेज असलं की थंडीत ताकद मिळते आणि ते गोठतही नाही. पूर्ण भरलेलं आम्ल गोठायला उणे साठच्या आसपास जावं लागतं, उतरलेली बॅटरी मात्र उणे दहा-पंधरालाच गोठून फुटू शकते. उष्ण देशांसाठी बनणाऱ्या, पाणी टाकायच्या बॅटऱ्यांत हीच ग्रॅव्हिटी १.२४० च्या आसपास धरण्याची रीत आहे, कारण तेज आम्ल उष्णतेत प्लेटा लवकर खातं. थोडी ताकद सोडून थोडं आयुष्य विकत घेतलेलं आहे. म्हणजे इथला शत्रू कोण, याबद्दल कारखान्यात कधीच शंका नव्हती. शंका राहिली ती वापरणाऱ्याच्या मनात, आणि तिचा एक व्यावहारिक तोटा आहे. बॅटरीतल्या सहांपैकी एका सेलचा विद्युतदाब ढोबळमानानं ग्रॅव्हिटीत ०.८४ मिळवले की निघतो. १.२८० च्या आम्लाचा सेल २.१२ व्होल्टचा, असे सहा मिळून १२.७ च्या वर. १.२४० च्या आम्लाचा सेल २.०८ चा, सहा मिळून जेमतेम १२.५. आता थंड देशातल्या तक्त्यात १२.७ म्हणजे पूर्ण आणि १२.४ म्हणजे पाऊण भरलेली असं लिहिलेलं असतं. तो तक्ता मोबाइलवर बघून कामतघरातला माणूस मल्टिमीटर लावतो, १२.४८ वाचतो आणि काठोकाठ भरलेल्या बॅटरीला अशक्त ठरवतो. हल्लीच्या सीलबंद बॅटऱ्यांत ग्रॅव्हिटी कंपनीगणिक वेगळी असते, म्हणून आपल्या बॅटरीच्या कागदावर छापलेला आकडाच धरावा. आणि झाकणातल्या, चार्ज दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्यावर तर फारच कमी भरवसा ठेवावा: तो सहांपैकी एकाच सेलमध्ये डोकावतो. बाकी पाचांपैकी एखादा मेलेला असला तरी डोळा हिरवाच.

खरेदीतही हाच घोटाळा होतो. थंडीत गाडी बंद पडली म्हणून डब्यावरचा थंडीचा आकडा (उणे १८ च्या कसोटीतला प्रवाह) मोठा असलेली बॅटरी घ्यायची, हे ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. पण उणे १८ ला तीस सेकंद भरपूर प्रवाह द्यायचा तर प्लेटांचा एकूण पृष्ठभाग मोठा हवा, आणि तेवढ्याच डब्यात पृष्ठभाग वाढवायचा म्हणजे प्लेटा पातळ करून जास्त संख्येनं बसवायच्या. पातळ प्लेट उष्णतेच्या गंजाला लवकर बळी पडते. गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या आकड्याइतकी बॅटरी पुरे. त्याहून मोठा आकडा ज्या हिवाळ्यासाठी असतो तो कामतघरात येत नाही. त्याऐवजी डब्यावरची उत्पादनाची तारीख बघावी. दुकानात उन्हाळाभर बिनचार्जिंगची पडून राहिलेली 'नवी' बॅटरी ही अर्धी जुनीच असते.

यावर भिवंडीतून पहिला आक्षेप येईल तो ट्रकवाल्यांचा, आणि तो वजनदार आहे. माणकोली, वळ, पूर्णा, दापोडा, राहनाळ या पट्ट्यातल्या गोदामांतून माल भरून निघालेली गाडी पडघा, शहापूर करत कसारा घाट चढते आणि काही तासांत नाशिक जिल्ह्यात पोचते. निफाडला जानेवारीत पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. तिथे रात्रभर उभी राहिलेली डिझेल गाडी पहाटे सेल्फ घेत नाही, मग थंडीचा दोष नाही कसा? डिझेल इंजिनात दाब जास्त, ते फिरवायला जोर जास्त, छोट्या गाड्यांत हीटर प्लगही आधी वीज खातात, सगळं मान्य. तरीही अधिक तीन अंश म्हणजे उणे १८ च्या कसोटीपेक्षा एकवीस अंश वरच आहे. निफाडात शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या गाड्यांपैकी एक लागते आणि दुसरी लागत नाही, तेव्हा फरक हवेत नसतो, बॅटरीच्या आदल्या उन्हाळ्यांत असतो. थंडीनं मर्यादा वर चढवली हे कबूल. पण ती मर्यादा ओलांडता न येण्याइतकी बॅटरी कुठे झिजली, तर गोदामाच्या तापलेल्या पत्र्यांशेजारी, माल चढायची वाट बघत उभी असताना.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे. ऊन असो वा थंडी, बॅटरी हवेनं जात नाही, वापरानं जाते, असं अनुभवी मिस्त्री म्हणतात. यात अर्धं सत्य आहे, आणि ते अर्धं सत्य आकड्यांत पाहिलं तर बऱ्याच समजुती उलट्या पडतात. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण दीडशे अँपिअर ओढतो, पण दोनच सेकंद. म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीतून एका वेळी एक दशांश अँपिअर-तासही जात नाही. चालत्या गाडीचा अल्टरनेटर ते एक-दोन मिनिटांत भरून देतो. तेव्हा वारंवार सेल्फ मारल्यानं बॅटरी जाते, ही भीती फारशी खरी नाही. खरी गळती उभ्या गाडीतून होते. सेंट्रल लॉकिंग, अलार्म, घड्याळ, मागून बसवलेली जीपीएस ट्रॅकरची डबी आणि म्युझिक सिस्टिम मिळून ५० मिलिअँपिअर घेत असतील, तर दिवसाला १.२ अँपिअर-तास जातात आणि महिनाभरात ३६. म्हणजे अख्खी बॅटरी. २५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि गाड्या सोसायट्यांत अडकल्या, तेव्हा हा हिशोब देशभर एकदम सिद्ध झाला, तोही ऐन उन्हाळ्यात. गावी गेलेल्या कुटुंबाची गाडी परतल्यावर लागत नाही त्याचं कारणही हेच. कामतघर ते अंजूर फाटा एवढीच रोजची चक्कर, त्यातला निम्मा वेळ कोंडीत, एसी आणि दिवे चालू, इंजिन आयडलवर: अशा वापरात अल्टरनेटरकडून बॅटरीपर्यंत फार थोडं पोचतं आणि ती कायम अर्धपोटी राहते. रस्त्यांचा हातभारही मोजावा लागेल. भिवंडीतल्या खड्ड्यांवर आदळणारी बॅटरी पट्ट्यानं घट्ट बांधलेली नसेल, तर प्लेटांवरचा माल झडून तळाशी साचतो आणि एक दिवस सेल शॉर्ट होतो. पण इथेही उष्णता मध्ये आहेच. अर्धपोटी बॅटरीतलं सल्फेट गरमीत लवकर कठीण होतं, आणि खड्ड्यानं झडणारा माल आधी गंजानं सैल झालेला असतो. वापर घाव घालतो, पण जिथे जाळी कच्ची झाली आहे तिथेच तो खोल जातो.

बसल्या बॅटरीपुढे उभं राहिल्यावर मात्र हा सगळा वाद थोडा बाजूला ठेवावा लागतो, कारण कामावर पोचायचं असतं. आधी आवाज ऐकावा. चावी फिरवल्यावर नुसती टकटक होते आणि दिवे विझू विझू होतात, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल खराब आहे. दिवे प्रखर राहून सेल्फच गप्प असेल, तर दोष बहुधा सेल्फमध्ये किंवा त्याच्या तारेत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड दिसली तर तीच कधीकधी पूर्ण निदान असते: गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावं, घट्ट आवळावं, वर पेट्रोलियम जेली लावावी. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या वस्तीत हवेत तंतू आणि धूळ कायम असते. बॅटरीच्या झाकणावर ती बसून ओलसर झाली की दोन टर्मिनलांमध्ये बारीक गळतीची वाट तयार होते, म्हणून वरचा भागही पुसावा. दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत मिनिटभर थांबावं. धक्का मारून गाडी चालू करणं जुन्या गाड्यांत चाले. आजच्या गाडीत इंजेक्शन, फ्युएल पंप आणि संगणक यांना आधी वीज लागते, अल्टरनेटरलाही उठायला थोडी वीज हवी असते. बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर सगळी गल्ली ढकलून दमते आणि गाडी जागची जागी. ऑटोमॅटिक गाडीत तर तो प्रश्नच नाही.

जंप देणं हा खरा उपाय, आणि त्यात भिवंडीपुरता एक मोठा धोका आहे. इथे मदतीला सर्वांत आधी कोण सापडतो? ट्रकवाला. आणि मोठ्या ट्रकची विद्युतव्यवस्था २४ व्होल्टची असते, दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. त्यावरून थेट १२ व्होल्टच्या कारला केबल लावली तर कारचा संगणक आणि दिवे जळू शकतात, बॅटरी फुटू शकते. मदत घ्यायचीच तर छोट्या टेम्पोची किंवा दुसऱ्या कारची घ्यावी, आणि आधी व्होल्टेज विचारावं. जोडणीचा क्रमही ठरलेला आहे: लाल केबल आधी बसलेल्या बॅटरीच्या धन टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला, काळी आधी चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीच्या आसपास हायड्रोजन असू शकतो. त्यासाठीच हे अंतर आणि त्यासाठीच त्या वेळी बिडी-सिगारेट नको. गाडी लागल्यावर अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनात बॅटरीचं टर्मिनल काढून बघायची मिस्त्रींची जुनी युक्तीही आता सोडावी. त्या क्षणी व्होल्टेज उसळून महागडा संगणक जातो. आणि 'वीस मिनिटं फिरवून आणा, भरून जाईल' हा सल्ला तर गणितातच बसत नाही. बॅटरीनं वीस अँपिअर घेतले असं धरलं तरी वीस मिनिटांत सात अँपिअर-तासही भरत नाहीत, म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा. पूर्ण उतरलेली बॅटरी बाहेरच्या चार्जरवर रात्रभर लावावी लागते, आणि ती लगेच त्याच दिवशी लावावी; आठवडाभर तशीच ठेवली तर सल्फेट घट्ट होऊन बसतं.

परदेशी हिवाळ्यासाठीचे आणखीही सल्ले इथे फिरतात. सेल्फ मारण्याआधी मिनिटभर हेडलाइट लावून बॅटरी 'गरम' करा, असा एक. उणे पंचविसात त्याचा काही उपयोग होत असेल तर होवो. सोळा अंशांत तो उरलीसुरली वीज दिव्यात जाळतो. बॅटरीला गोधडीत गुंडाळून ठेवा, हा तर इथे उलटा उपाय. गाडीबरोबर येणारं बॅटरीचं आवरण उष्णता आत ठेवायला नसून बाहेरची उष्णता अडवायला असतं, आणि बॅटरी बदलताना गॅरेजमध्ये पहिलं तेच फेकलं जातं. ते मागून घ्यावं. पाणी टाकायच्या बॅटरीत पातळी बघायची वेळ डिसेंबर नाही. मार्चमध्ये, मग मेमध्ये आणि ऑक्टोबरचा उष्मा सरताना बघावी. त्यात फक्त डिस्टिल्ड वॉटर. एसीतून ठिबकणारं पाणी शुद्ध समजून साठवणारे लोक आहेत. ते पाणी धुळीवरून आणि धातूच्या पत्र्यांवरून आलेलं असतं. ग्रॅव्हिटी कमी दिसली म्हणून ॲसिड ओतणं हे तर आजाऱ्याला आणखी आजारी करणं, कारण हरवलेलं आम्ल कुठे बाहेर गेलेलं नसतं, सल्फेट होऊन प्लेटांवरच बसलेलं असतं. घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी आणि गाडीची बॅटरी यांची अदलाबदलही टाळावी. २००७ मध्ये टोरंट पॉवरकडे भिवंडीचं वीजवितरण येण्याआधीच्या भारनियमनाच्या काळात असे जुगाड करावे लागत. पण एक बॅटरी तासन् तास थोडं थोडं द्यायला घडवलेली, दुसरी दोन सेकंद भरपूर द्यायला, आणि एकीकडून दुसरीचं काम घेतलं की दोन्ही लवकर जातात.

या सगळ्या उपद्व्यापापेक्षा दर तीन वर्षांनी नवी बॅटरी टाकावी आणि मोकळं व्हावं, असं कोणी म्हणेल. पैशांच्या हिशोबानं त्यात तथ्य आहे. नाशिक रस्त्यावर रात्री अडकण्यापेक्षा काही हजार रुपये स्वस्तच. पण गाडीच्या बॅटरीच्या वजनाचा निम्म्याहून मोठा भाग शिशाचा असतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी जुलै २०२० मध्ये काढलेल्या अहवालात जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण चिंताजनक असल्याचा अंदाज दिला होता आणि जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवणं हे त्यामागचं एक प्रमुख कारण म्हणून नोंदवलं होतं. भारतात २००१ पासून जुन्या बॅटऱ्यांसाठी नियम आहेत आणि २०२२ च्या नियमांनी त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कागदावर साखळी पूर्ण आहे. रस्त्यावर मात्र भंगारवाला दुकानदारापेक्षा पन्नास रुपये जास्त देतो आणि साखळी तिथे तुटते. नवी घेताना जुनी त्याच दुकानात द्यावी आणि बिलावर तिची वजावट लिहून घ्यावी, एवढं ग्राहकाच्या हातात आहे. तिचं आयुष्य विनाकारण वर्षभरानं कमी न करणं हेही आहे.

विजेवरच्या गाड्या आल्या की हा विषयच संपेल, ही समजूत अजून तरी चुकीची आहे. बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांत दिवे, कुलपं आणि मुख्य बॅटरीला जागं करणारं स्विचगियर चालवायला १२ व्होल्टची वेगळी बॅटरी असते, आणि बऱ्याच गाड्यांत ती जुन्याच शिसे-आम्लाची. ती बसली तर मोठी बॅटरी ऐंशी टक्के भरलेली असूनही गाडी चालू होत नाही. म्हणजे तपासणीची सवय सुटणार नाही. बदलायला हवी ती तिची वेळ. आपण ती जानेवारीत, गाडी बंद पडल्यावर करतो. उन्हाळा आणि ऑक्टोबरची तलखी मिळून जे काही बिघडवायचं ते दसरा-दिवाळीच्या सुमारास बिघडवून झालेलं असतं, आणि दसऱ्याला कामतघरातली प्रत्येक गाडी तशीही धुतली जाते, हार घालायला पुढ्यात उभी केली जाते. त्या आठवड्यात बॉनेट उघडून लोड टेस्टर लावायला पाच मिनिटं लागतात. बॅटरी आधी पूर्ण भरलेली असावी, डब्यावरच्या थंडीच्या आकड्याच्या निम्मा भार पंधरा सेकंद द्यावा, आणि काटा ९.६ व्होल्टच्या वर राहतो का ते बघावं. राहिला तर जानेवारीची काळजी नाही. ९.६ च्या खाली गेला, तर त्या दिवशी गाडी कितीही पटकन लागत असली तरी नवी बॅटरी तेव्हाच घ्यावी.